क्रँकची पुली सैल का झाली? बोल्ट आवळण्याआधी विचारायचा प्रश्न



१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस आपल्या ट्रॉलर जेटीला बांधलेल्या असतात. जाळी दुरुस्त होतात, रंग होतो, आणि इंजिनची कामं वर्कशॉपवर सोपवली जातात. या दिवसांत सोसायटीच्या कार्यालयात दोन गोष्टी नेमाने कानावर येतात. एक, "इंजिन पुढच्या बाजूने वाजतंय." दुसरी, "मेकॅनिक सांगतो ते खरं धरायचं की नाही?" क्रँकशाफ्टची पुली सैल झाली की हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात. म्हणून आजचा धडा या पुलीवर.

हा लेख मुख्यतः ज्यांच्या बोटीत आत बसवलेलं डिझेल इंजिन आहे त्यांच्यासाठी, म्हणजे ट्रॉलर आणि पर्सीनवाल्यांसाठी आहे. कॅनोला आउटबोर्ड मशीन लावणाऱ्यांना ही पुली नसते, पण वर्कशॉपबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते त्यांनीही वाचावं.

ही पुली करते काय?

क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स असतो, तिथून पंख्याला ताकद जाते. पुढच्या टोकाला ही पुली बसवलेली असते. तिच्यावरच्या पट्ट्यांनी अल्टरनेटर फिरतो, बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंपही फिरतो. काही बोटींवर बिल्ज पंप आणि विंचची ओढसुद्धा इंजिनच्या पुढच्या टोकावरूनच घेतलेली असते. म्हणजे बॅटरी, इंजिनचं थंड राहणं, बोटीतलं पाणी उपसणं आणि जाळं ओढणं, यातलं बरंचसं काम या एका पुलीच्या भरवशावर चालतं.

पुली क्रँकच्या टोकावर बसते, खाचेत लोखंडाची एक छोटी चावी असते आणि समोरून मोठा बोल्ट येतो. पुष्कळांची समजूत अशी की चावी पुली फिरवते आणि बोल्ट ती फक्त बाहेर पडू देत नाही. प्रत्यक्षात ताकद मुख्यतः बोल्टच्या दाबानेच पेलली जाते. बोल्ट नीट आवळलेला असला की पुली क्रँकला घट्ट चिकटून दोघं मिळून एक वस्तू होतात. चावी पुलीला जागेवर बसवण्यासाठी असते. बोल्टचा दाब गेला की सगळा मार त्या छोट्या चावीवर येतो.

हा मार किती, त्याचा हिशोब करून बघा. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात तीन सिलिंडर पेटतात. इंजिन १५०० फेऱ्यांवर असेल तर मिनिटाला ४५०० झटके. दहा तास बोट चालली तर २७ लाख. सैल पुली दर झटक्याला किंचित मागेपुढे होते आणि चावी खाचेच्या भिंतीवर हातोडीसारखी आपटते. आधी चावी झिजते, मग खाच रुंद होते, मग क्रँकचं टोकच खराब होतं. चावी आणि बोल्ट स्वस्त आहेत. क्रँक स्वस्त नाही, आणि तो काढायचा म्हणजे सगळं इंजिन खोलायचं.

सैल झाल्याचं कळतं कसं?

लक्षणं एकदम येत नाहीत, पण येतात. ड्रायव्हरला आणि खलाशांना ही सांगून ठेवा:

१. इंजिन हळू चालू असताना पुढून टक-टक आवाज येतो, वेग वाढवला की कमी होतो किंवा बदलतो.
२. पट्टा वारंवार तुटतो, कडेने झिजतो, पुलीखाली काळी रबराची पूड पडते.
३. पुलीच्या मधल्या भागाभोवती तांबूस, गंजासारखी पूड दिसते. घट्ट बसलेलं लोखंड लोखंडावर घासू लागल्याची ही खूण आहे. पुसून टाकलं आणि दोन दिवसांत पुन्हा आली तर समजा काम आहे.
४. पुढच्या ऑइल सीलमधून तेल गळतं. सील बदललं तरी महिनाभरात पुन्हा गळतं.
५. बॅटरी नीट चार्ज होत नाही, किंवा पाण्याचं तापमान विनाकारण चढतं.
६. इंजिन चालू असताना बाजूला उभं राहून पाहिलं तर पुली सरळ न फिरता डुलत फिरते.

यातलं पहिलं लक्षण फार फसवं आहे. सैल पुलीचा आवाज आणि बिग-एंड बेअरिंग गेल्याचा आवाज कानाला पुष्कळदा सारखाच लागतो. आपल्या एका सभासदाला "बेअरिंग गेलं, इंजिन पूर्ण खोलावं लागेल" असं सांगून ओव्हरहॉलिंगचा आकडा दिला होता. त्यांनी दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने आधी पट्टे उतरवले, मग पुली हाताने हलवून पाहिली, आणि दोष तिथेच सापडला. इंजिन खोलावं लागलंच नाही.

जेटीवर स्वतः करायची तपासणी

आधी सुरक्षितता. इंजिन बंद, चावी काढून खिशात, बॅटरीचा स्विच बंद. लुंगी, खांद्यावरचा टॉवेल, गळ्यातली साखळी, सैल बाह्या यातलं काहीही घेऊन फिरत्या पुलीजवळ जाऊ नये.

पट्टे उतरवा. पुली दोन्ही हातांनी धरून फिरवायचा आणि वर-खाली डोलवायचा प्रयत्न करा. क्रँक न फिरता पुली नुसती इकडे-तिकडे हलली, तर ती सैल आहे. पुली आणि क्रँक दोन्ही मिळून अगदी केसभर पुढे-मागे सरकले तर घाबरू नका. क्रँकला तेवढी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. ती प्रमाणाबाहेर आहे का, हे डायल गेज लावून मोजायचं काम मेकॅनिकचं.

दुसरी तपासणी खडूची. बऱ्याच इंजिनांवर पुलीच्या आत किंवा मागे रबर असलेला डॅम्पर असतो. आतली कडी आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर, अशी त्याची रचना. आतून बाहेर एक सरळ रेघ खडूने किंवा रंगाने ओढा. पट्टे लावून इंजिन चालवा, बंद करा, रेघ बघा. रेघ तुटून दोन जागी गेली असेल तर रबर सुटलं आहे. अशा वेळी बोल्ट कितीही आवळा, उपयोग नाही, डॅम्परच बदलावा लागतो.

आवाज पट्ट्यांवरच्या वस्तूंचा आहे की इंजिनचा, हे कळायला पट्टे काढून इंजिन थोडा वेळ चालवतात. पण पाण्याचा पंप पट्ट्यावर असेल तर पाणी फिरत नाही हे लक्षात ठेवा. अर्धा मिनिट पुरे, मग बंद.

सैल होण्याची कारणं

आपली गल्लत इथे होते. पुली सैल दिसली की आपण बोल्ट आवळतो आणि काम झालं म्हणतो. पण नीट बसवलेली पुली आपोआप सुटत नाही, मागे काही तरी कारण असतं. नेहमी दिसणारी कारणं अशी:

मागच्या वेळी सील बदलताना बोल्ट अंदाजाने आवळला. पान्याला पाईप लावून दोघं लटकले म्हणजे बोल्ट घट्ट झाला असं नाही. कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर ताणला जातो आणि मग दाब धरत नाही. प्रत्येक इंजिनच्या पुस्तकात त्या बोल्टचा आकडा दिलेला असतो. आटे कोरडे ठेवायचे की तेल लावून बसवायचे हेही त्यात असतं. टॉर्क पान्याने त्या आकड्यापर्यंतच जायचं.

जुना ताणलेला बोल्ट, जुना वॉशर किंवा वाकवून सपाट केलेली लॉक प्लेट पुन्हा वापरली.

पुली बसवताना क्रँकवर गंज, रंग किंवा जुनं घाण तेल तसंच राहिलं. सुरुवातीला घट्ट वाटतं, इंजिन तापून थंड झालं की दाब कमी होतो.

पट्टे प्रमाणाबाहेर ताणले. दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबला तर साधारण बोटभर जाडीचा खाली जावा. तारेसारखा ताठ पट्टा पुलीलाही ओढतो आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगलाही.

नवीन अल्टरनेटर, मोठा बिल्ज पंप किंवा विंचची पुली नंतर बसवली आणि ती सरळ रेषेत आली नाही. पट्टा तिरका चालला की पुलीवर सतत बाजूने ओढ येते. आपल्या बोटींवर हे कारण जास्त आढळतं, कारण कंपनीने दिलेल्या इंजिनात आपण आपल्या सोयीने काही ना काही जोडतच असतो.

इंजिनचे पाय सैल आहेत किंवा इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत, म्हणून सगळं इंजिनच थरथरतं.

दुरुस्ती कोणती टिकते, कोणती नाही

चावीची खाच चांगली असेल तर काम सोपं आहे. क्रँकचं टोक आणि पुलीचं भोक स्वच्छ करायचं, मायक्रोमीटरने मोजायचं, नवीन चावी, नवीन बोल्ट, नवीन वॉशर, नवीन सील, टॉर्क पान्याने आवळायचं, पट्टे रेषेत आणायचे. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदलायचे. एक नवा आणि एक जुना असला की सगळा भार नव्यावर येतो. पहिल्या काही तासांच्या चालण्यानंतर पट्ट्यांचा ताण पुन्हा पाहायचा.

खाच थोडी रुंद झाली असेल तर लेथवर खाच सारखी करून पायरीची चावी बनवता येते. हे मापाचं काम आहे, त्याला चांगला फिटर लागतो. खाच फारच गेली असेल किंवा क्रँकचं टोक झिजलं असेल तर क्रँक काढून तो ग्राइंडिंगच्या ठिकाणी दाखवावा लागतो, कधी बदलावा लागतो.

टिकत नाहीत त्या युक्त्या आपल्याला माहीत आहेत: पत्र्याची पट्टी घालणे, क्रँकवर पंचाने ठिपके मारून तो जाड करणे, नुसतं लॉकटाइट ओतणे, आणि सर्वात वाईट म्हणजे पुली क्रँकला वेल्डिंगने चिकटवणे. वेल्डिंगच्या उष्णतेने क्रँकच्या टोकाला तडा जाऊ शकतो, टोक वाकू शकतं. अर्थिंगची क्लिप लांब कुठे तरी लावली तर वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात. शिवाय पुढच्या वेळी सील बदलायचं तर पुली कापूनच काढावी लागते. लॉकटाइट चांगली वस्तू आहे, पण नीट बसलेल्या भागाला मदत म्हणून. झिजलेल्या भागाची जागा ती भरून काढत नाही.

आणखी एक. काही इंजिनांवर टायमिंगची खूण याच पुलीवर किंवा डॅम्परवर असते. चावी तुटून पुली फिरली असेल तर खूणही खोटी झाली. त्या खुणेवर भरवसा ठेवून डिझेल पंपाचं टायमिंग लावलं तर धूर, जड स्टार्ट आणि जास्त डिझेल ठरलेलं. आणि ज्या इंजिनांत हाच बोल्ट आतला टायमिंग गिअरही दाबून धरतो, तिथे बोल्ट सुटणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळण्याची भीती.

वर्कशॉपवर विश्वास ठेवायचा तो कशावर?

आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरवर पंधरा दिवसांत दोनदा पट्टा तुटला. वर्कशॉपने पहिल्यांदा पट्टा बदलला, दुसऱ्यांदा पट्टा बदलून बोल्ट आवळला. तिसऱ्यांदा पुली हलतेय असं दिसल्यावर दोन ठिकाणी वेल्डिंगचे ठिपके मारून दिले. तिन्ही वेळा काम तासाभरात झालं आणि पैसेही थोडेच घेतले, त्यामुळे तक्रार कसली? पुढच्याच फेरीत जाळं पाण्यात असताना पुली निघाली. पाण्याचा पंप थांबला, इंजिन तापलं, हेड गॅस्केट गेलं. शेजारच्या बोटीने दोर टाकून आणलं म्हणून सात माणसं सुखरूप घरी आली. इंजिन खोलल्यावर कळलं की हंगामाच्या सुरुवातीला बसवलेली विंचची पुली रेषेत नव्हती. तिन्ही वेळा कोणीही पट्ट्यावर सरळ पट्टी धरून पाहिली नव्हती.

एकाने मोठं काम सांगितलं, दुसऱ्याने लहान काम केलं. म्हणून महाग सांगणारा लुबाडतो आणि स्वस्तात करणारा आपला माणूस, असं धरून चालू नका. दोघांना एकच प्रश्न विचारायचा: "सैल का झाली?" जो मेकॅनिक कारण सांगतो, ते बोटाने दाखवतो आणि मग काम सांगतो, त्याच्यावर भरवसा ठेवायला जागा आहे. "होतं असं, जुनं इंजिन आहे" एवढंच उत्तर मिळालं तर घाई करू नका.

त्याबरोबर हेही बघा:

• काम सुरू करण्यापूर्वी खोलून दाखवतो का? चावी, खाच, बोल्ट तुमच्या डोळ्यांसमोर असायला हवेत. मोबाईलवर फोटो काढून ठेवा.
• मोजतो का? मायक्रोमीटर, डायल गेज, टॉर्क पाना त्याच्याकडे आहे का, आणि तो वापरतो का?
• कामाची यादी आणि अंदाजे खर्च लिहून देतो का? मध्ये काही जास्त निघालं तर काम थांबवून फोन करतो का?
• जुने भाग परत देतो का? बदललेली चावी आणि बोल्ट पिशवीत घालून घरी आणा. जुना भाग हा पुरावा असतो.
• बिल देतो का? बिलावर तारीख, बोटीचं नाव, कामाचा तपशील आणि भागांचे नंबर हवेत.
• पहिल्या फेरीनंतर येऊन पुन्हा पाहणार का, हे आधीच ठरवा.
• लेथचं काम तो स्वतः करतो की बाहेर देतो? बाहेर देणं वाईट नाही, पण कुठे दिलं ते कळलं पाहिजे.

बोटीचा विमा असेल आणि नुकसान मोठं असेल तर दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहण्याआधी खोललं तर दावा अडतो. साधी झीज मात्र विम्यात बसत नाही.

काम बिघडलं आणि वर्कशॉप दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू-सेवेला हा कायदा लागू होतो. बोटी जास्त असतील आणि धंदा मोठा असेल तर त्यावर वाद निघू शकतो. पण बिलच नसेल तर पुढचं सगळं अवघड. आधी कार्यालयात या, कागद घेऊन या.

आपली बाजू

एवढं सगळं वर्कशॉपकडून मागायचं तर आपणही काही पाळायला हवं. आपल्यातले बरेच जण हंगामभर उधारीवर काम करून घेतात. उधारी थकली की तोंड मिटतं. मग मेकॅनिक करील ते काम आणि लावील तो भाग. मागचं बिल चुकतं केलं तरच पुढचा प्रश्न विचारायला तोंड राहतं. पूर्ण जमत नसेल तर हप्ता ठरवा, पण मिळाल्याची सही घ्या.

दुसरं, बर्फ भरून झालाय, रेशन चढलंय, खलाशी बसून आहेत, आणि आपण मेकॅनिकला म्हणतो, "संध्याकाळपर्यंत काहीही करून चालू करून दे." मग तो "काहीही"च करतो. वेल्डिंगचे ठिपके बहुतेक वेळा अशाच संध्याकाळी पडतात. म्हणून हे काम बंदीच्या दिवसांत करून घ्या. तेव्हा लेथवाल्यालाही माप घ्यायला वेळ असतो.

तिसरं, ड्रायव्हरने आवाज येतो म्हणून सांगितलं तर त्याच्यावर चिडू नका. "आवाज तुझ्या कानात" म्हणून एकदा गप्प केलेला माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही.

समुद्रात सैल झाली तर

विचित्र आवाज आला, तापमान चढलं, पट्टा तुटला, तर इंजिन बंद करा. खोली परवडत असेल तर नांगर टाका. इंजिन थोडं थंड होऊ द्या. रेडिएटर किंवा टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. जवळच्या बोटींना आणि किनाऱ्याला व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर कळवा. माणसांना धोका वाटला तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे. बोल्ट आवळून पुली धरली तरी ती घरी येण्यापुरतीच, कमी वेगाने आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. "दोन ओढी मारून जाऊ" हा विचार करू नका. किनाऱ्याकडे वारा असताना बंद पडलेली बोट खडकावर जायला वेळ लागत नाही.

१ ऑगस्टच्या आत प्रत्येकाने निदान तीन गोष्टी कराव्यात: पुली हाताने हलवून पाहणे, खडूची रेघ ओढून पाहणे, आणि पट्ट्यांवर सरळ पट्टी धरून पाहणे. अर्ध्या तासाचं काम आहे. सोसायटीच्या कार्यालयात इंजिनच्या कामाची नोंदवही ठेवायचं ठरवलं आहे. कोणत्या बोटीचं काय काम झालं, कारण काय निघालं आणि ते किती टिकलं, एवढंच त्यात लिहायचं. एक-दोन हंगामांत कोणाचं काम टिकतं ते आपल्याला वहीतूनच दिसेल, कोणाची बदनामी करायची गरज पडणार नाही.

हा लेख आपल्या ड्रायव्हरला आणि तांडेलला वाचून दाखवा. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्या खलाशांना आपल्या शब्दांत सांगा. इंजिनजवळ दिवसरात्र तेच असतात.

आपला,
सचिव